दृष्टी आल्यानंतरचे पाहणे

इ. स. 1688 मध्ये डब्लिन शहरातील विल्यम मॉलिन्यू या विद्वान गृहस्थांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या विचारार्थ एक प्रश्न लिहून पाठविला. एखादा मनुष्य जन्मापासून अंध आहे. घनाकृती ठोकळा आणि चेंडूसारखा गोल हे दोन्ही त्याने हाताने चाचपून ओळखावयास शिकलेले आहे. पुढे प्रौढ वयात त्याला अकस्मात दृष्टी प्राप्त झाली आणि हे दोन पदार्थ त्याच्यापुढे मेजावर ठेवले, तर हात न लावता, केवळ पाहून, गोल कोणता आणि ठोकळा कोणता हे त्याला सांगता येईल काय? हा प्रश्न मॉलिन्यूंना का सुचला असावा याचा तर्क करता येतो. विवाहानंतर अल्पावधीतच त्यांच्या पत्नीची दृष्टी आजारपणात गेली होती. अंधत्व हा त्यांच्यासाठी केवळ तत्त्वचर्चेचा विषय नव्हता. ते घरातच होते.

लॉक यांच्याकडून पहिल्या पत्राचे उत्तर आले नाही. पाच वर्षांनी मॉलिन्यूंनी तो प्रश्न पुन्हा लिहिला, तेव्हा मात्र लॉक यांनी त्याची दखल घेतली आणि 1694 मध्ये निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला स्थान दिले. दोघांचेही उत्तर नकारार्थी होते. हाताला जे कळले ते डोळ्याला आपोआप कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे. इतरांनी वेगळी मते मांडली, वाद पुष्कळ रंगला. पण प्रत्यक्ष पडताळा पाहण्याची सोय त्या काळी कोणापाशीच नव्हती.

वरवर पाहता हा प्रश्न काहीसा कृत्रिम वाटेल. डोळे उघडले की दिसते आणि दिसले की ओळखू येते, इतके हे सोपे आहे अशी सर्वांचीच समजूत असते. परंतु दिसणे आणि ओळखू येणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दृष्टिपटलावर उमटतो तो उजेड-अंधाराचा व रंगांचा एक विस्कळीत पट. त्यातून ‘ही खुर्ची’, ‘हा आपला थोरला मुलगा’, ‘हे अक्षर क’ असा निर्णय होईपर्यंत मनाला फार मोठे काम करावे लागते. या कामाला बोधनिक मानसशास्त्रात आकृतिबंधाची ओळख असे म्हटले जाते. काम इतक्या झटपट होते की ते झाले, हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

हे काम मन कसे करते? सर्वांत सरळ कल्पना अशी की, मनात प्रत्येक वस्तूचा एक साचा ठेवलेला असावा आणि समोर आलेली आकृती त्यात बसवून पाहिली जात असावी. ही पद्धत यंत्रांना चांगली जमते. धनादेशाच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर जे विचित्र वळणाचे, कुठे जाड तर कुठे बारीक असे अंक छापलेले असतात, ते या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. तेथील नऊ अंकी सांकेतिक क्रमांकातील पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. शाई चुंबकीय असते. प्रत्येक अंकाचा ठराविक ठसा यंत्राला ठाऊक असतो. समोरून गेलेला ठसा त्याच्याशी जुळला की अंक ओळखला गेला. दहा अंक आणि चार खुणा, एवढाच काय तो या यंत्राचा संसार! अंक किंचित तिरका छापला, शाई फुटली किंवा घडी पडली, तर यंत्र धनादेश बाजूला टाकते.

त्याच धनादेशावरील स्वाक्षरीकडे पाहिले म्हणजे साच्याची कल्पना किती अपुरी आहे हे कळून येते. कोणत्याही खातेदाराची स्वाक्षरी दोन वेळा तंतोतंत सारखी येत नाही. कधी घाई असते, कधी लेखणी बदललेली असते, वय वाढते तसा हात कापू लागतो. तरीही काउंटरवरील अनुभवी माणूस नमुना स्वाक्षरीशी ती ताडून क्षणार्धात ‘ठीक आहे’ म्हणतो. उलट रेघेला रेघ जुळणारी स्वाक्षरी समोर आली, तर त्याला संशय येतो. कारण अशी स्वाक्षरी नमुन्यावर कागद ठेवून गिरवलेली असण्याचा संभव असतो. म्हणजे साच्यात अचूक बसणे हीच येथे खोटेपणाची खूण ठरते. माणसाचे मन तपासते ते साम्य नव्हे, तर वळण, ओघ, जोर कोठे दिला आहे आणि हात कोठे उचलला आहे ते.

म्हणून संशोधकांनी दुसरी कल्पना पुढे आणली. मन संपूर्ण आकृती एकदम न घेता प्रथम तिचे घटक वेचते: आडवी रेघ, उभी रेघ, तिरपी रेघ, वळण, कोन, आणि त्या घटकांवरून आकृती कोणती असावी हे ठरविते. 1959 मध्ये ऑलिव्हर सेल्फ्रिज यांनी या विचाराची एक गमतीदार मांडणी केली. मनात जणू असंख्य छोटी भुते बसली आहेत. कोणी फक्त उभी रेघ दिसली की ओरडते, कोणी फक्त वळण दिसले की. त्यांच्या ओरडण्यावरून वरच्या पायरीवरील अक्षरांची भुते आपापला दावा सांगतात, आणि सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याचा दावा अखेरचे भूत मान्य करते. याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल हे मांजराच्या मेंदूतील पेशींचे संदेश टिपत होते. ठिपके दाखवून पेशी दाद देत नव्हत्या. एकदा काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली रेघेसारखी पडद्यावरून सरकली आणि पेशीने एकाएकी संदेशांची सरबत्ती केली. विशिष्ट कलाच्या रेघेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी मेंदूत आहेत, हे त्यातून उघड झाले. या संशोधनासाठी दोघांना 1981 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

देवनागरी वाचणाऱ्याला घटकांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातील मुख्य भेद म्हणजे डोक्यावरील रेघ तुटली आहे की सलग आहे, एवढाच; आणि पहिलीतील मूल त्यात कित्येक महिने अडखळते. परंतु घटकांनीही सारे काम भागत नाही. जुन्या वळणाच्या छपाईत ‘ख’ हे अक्षर ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखे दिसे. त्यामुळे ‘रवाना’ आणि ‘खाना’ हे शब्द कागदावर जवळजवळ सारखेच उमटत. तरी ‘टपाल रवाना झाले’ या वाक्यात कोणीही टपालाला जेवावयास बसविले नाही. घटक तेच, आकृती तीच. निर्णय केला तो भोवतालच्या शब्दांनी आणि वाचकाच्या पूर्वज्ञानाने. डोळ्याकडून मनाकडे जितकी माहिती चढते, जवळपास तितकीच अपेक्षा मनाकडून डोळ्याकडे उतरते.

जैन परंपरेतील ज्ञानमीमांसेत मतिज्ञानाच्या अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या या ठिकाणी अनेक वाचकांना आठवतील. काहीतरी आहे असे प्रथम भान, ते काय असावे याची चिकित्सा, ते हेच होय असा निश्चय, आणि पुढील वेळेसाठी त्याची मनात साठवण. त्या ग्रंथांचा हेतू वेगळा होता व प्रयोगशाळेचा वेगळा. तेव्हा दोहोंची सांगड घालून ‘हे आधीच सांगितले होते’ असा जयघोष करण्याचे कारण नाही. मात्र ओळख ही एका फटक्यात होत नसून पायऱ्यापायऱ्यांनी होते आणि तिची अखेर स्मरणात होते, हे निरीक्षण सूक्ष्म आहे यात शंका नाही. मॉलिन्यूंचा प्रश्न नेमका या पायऱ्यांनाच जाऊन भिडतो. ज्याच्याजवळ डोळ्याने केलेली धारणाच नाही, त्याची ईहा चालणार तरी कशाच्या आधारावर?

पहिले उत्तर 1728 मध्ये मिळाल्यासारखे झाले. विल्यम चेसल्डन या इंग्रज शल्यवैद्यांनी तेरा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया केली. फार लहानपणापासून तो अंध होता. दृष्टी आल्यावर जे काही दिसते ते आपल्या डोळ्यांना चिकटले आहे असे त्याला वाटे. घरातील कुत्रा कोणता आणि मांजर कोणते हे तो पुन्हा पुन्हा विसरे. विचारण्याचा संकोच वाटू लागला, तेव्हा एकदा त्याने मांजराला उचलून नीट चाचपले, हाताने ओळख पटल्यावर टक लावून त्याच्याकडे पाहिले आणि मग खाली सोडले. पुढच्या वेळी डोळ्याने ओळखता यावे म्हणून! भिंतीवरील चित्रे त्याला कित्येक आठवडे नुसते रंगांचे पट्टे वाटत होती. ती वस्तूंची चित्रे आहेत हे उमगावयास दोन महिने गेले.

त्याहूनही मनाला चटका लावणारी हकीकत विसाव्या शतकातील आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी जीन वॉलेस यांच्यासमवेत 1963 मध्ये ती प्रसिद्ध केली; त्या गृहस्थांचा उल्लेख ‘एस. बी.’ या आद्याक्षरांनीच होतो. दहा महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे रोपण होऊन ती परत आली. अंधशाळेत त्यांनी कोरीव मोठी इंग्रजी अक्षरे बोटांनी शिकलेली होती. ती अक्षरे त्यांना डोळ्यांनी लगेच वाचता आली. लहान अक्षरे शाळेने कधी हाताखाली दिली नव्हती. ती मात्र कळेनात. खिशातील घड्याळाचे काटे आयुष्यभर चाचपलेले असल्यामुळे भिंतीवरील घड्याळ पाहून वेळही सांगता आली. म्हणजे हाताचे ज्ञान डोळ्याकडे पोहोचत होते, पण जेथे हात पूर्वी पोहोचला होता तेथेच.

लेथ या यंत्राविषयी त्यांना लहानपणापासून कुतूहल होते. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात काचेच्या पेटीतील लेथ त्यांना दाखविला, तेव्हा त्यांना त्यातून काहीच अर्थबोध होईना. पेटी उघडून दिली. त्यांनी डोळे मिटून यंत्रावरून हात फिरविला, मागे सरून पुन्हा पाहिले, आणि मग कोठे ते यंत्र त्यांना दिसले. या माणसाचा पुढचा काळ सुखाचा गेला नाही. अंध असताना रस्ता बिनधोक ओलांडणारा हा गृहस्थ दृष्टी आल्यावर वाहनांना भिऊ लागला. जग आपल्याला वाटले होते तितके सुंदर नाही, भिंतींचे रंग उडालेले आहेत, हे त्यांना फार लागले. संध्याकाळी दिवा न लावताच ते अंधारात बसून राहत. 1960 मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा एकेकट्या हकीकतींवरून शास्त्रीय निष्कर्ष काढणे कठीण. दृष्टी किती होती, किती काळ नव्हती, तपासणी किती दिवसांनी झाली, हे सारे प्रत्येक ठिकाणी वेगळे. मॉलिन्यूंच्या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर मिळाले ते भारतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मेंदूविज्ञान शिकविणारे पवन सिन्हा हे मूळचे भारतीय. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली मुले संपन्न देशांत सहसा काही आठवड्यांची असतानाच शस्त्रक्रियेला पोहोचतात. भारतातील खेडोपाडी मात्र अशी मुले आठ, दहा, पंधरा वर्षांची होईतो अंधच राहिलेली त्यांना आढळली. त्यातून ‘प्रकाश’ हा प्रकल्प उभा राहिला. गावोगावी शोध घेऊन मुले निवडावयाची, नवी दिल्लीच्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात त्यांच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया करावयाची, आणि पालक व मुले राजी असतील तर दृष्टी हळूहळू कशी घडते याचा अभ्यास करावयाचा, असे त्याचे स्वरूप.

या प्रकल्पातील आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांवर केलेला प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या खेळातील ठोकळ्यांसारखे, पण त्यांनी पूर्वी कधी न हाताळलेले आकार तयार केले होते. डोळ्यावरील पट्टी निघाल्यापासून दोन दिवसांच्या आत परीक्षा घेण्यात आली. एक आकार पाहून मग दोनांतून तोच पाहून ओळखावयाचा, यात मुले सुमारे 92 टक्के वेळा बरोबर आली. हाताने चाचपून हातानेच ओळखण्यात 98 टक्के. पण कापडाखाली चाचपलेला आकार डोळ्याने ओळखावयास सांगितला, तेव्हा प्रमाण 58 टक्क्यांवर घसरले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी पन्नास टक्के आलेच असते! मॉलिन्यू आणि लॉक यांचा कौल, तीनशेहून अधिक वर्षांनी, खरा ठरला. गंमत अशी की, ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली त्या मुलांना काही दिवसांतच, कोणी मुद्दाम शिकविले नसताना, हेच काम चांगले जमू लागले. हात आणि डोळा यांच्यात जन्मजात पूल नाही. परंतु तो बांधण्याची तयारी पुष्कळ आहे.

याच प्रकल्पातील 2009 चा एक अभ्यास अधिक उद्बोधक वाटतो. एकमेकांवर अंशतः चढलेले दोन चौकोन दाखविले, की नवदृष्टी लाभलेल्यांना दोन चौकोन दिसत नसत. जेथे जेथे रेघेने वेढलेला तुकडा असेल तो प्रत्येक तुकडा त्यांना स्वतंत्र वस्तू वाटे. चेंडूच्या छायाचित्रात चेंडू एक आणि त्याची सावली ही दुसरी वस्तू. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असलेली गाय म्हणजे त्यांच्या लेखी दोन-तीन निराळे पदार्थच होत. रंग दिसत होते, कडा दिसत होत्या. नव्हते ते त्यांना एकत्र बांधणारे सूत्र. पण तेच चौकोन हलवून दाखविले, की चित्र पालटे. जे तुकडे एकत्र सरकतात ते एकाच वस्तूचे, हे मनाला लगेच कळे. हालचाल हा जणू पहिला शिक्षक. स्थिर चित्रात वस्तू वेगळी काढण्याचे कसब त्यानंतर काही महिन्यांनी येते.

सिन्हा आणि त्यांचे सहकारी यांच्या कामाने वैद्यकातील एक रूढ समजही हलविला. ह्यूबेल व वीझेल यांनी 1963 मध्ये मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून बंद केला होता; काही आठवड्यांनी तो उघडल्यावर डोळा निरोगी असूनही मेंदूने त्याची दखल घेणे सोडून दिलेले आढळले. मोठ्या मांजरांवर तोच परिणाम झाला नाही. त्यावरून दृष्टी घडण्याचा एक मर्यादित काळ असतो आणि तो उलटला की सारे संपले, असे मानले जाऊ लागले. असल्या प्रयोगांचे वर्णन वाचताना मन अस्वस्थ होते, आणि ज्ञानाची किंमत कोणी व किती द्यावी हा प्रश्न नोबेल पारितोषिकाने मिटत नाही. दिल्लीच्या रुग्णालयातील मार्ग त्याहून निराळा होता. तेथे आधी उपचार होता, ज्ञान त्याच्या मागून आले. आणि त्या ज्ञानाने सांगितले ते असे, की आठ-दहा वर्षांनंतरही, क्वचित त्याहून मोठ्या वयातही, शस्त्रक्रिया निष्फळ ठरत नाही. दृष्टीची तीक्ष्णता पूर्ण येत नाही, बारीक अक्षरे बहुधा कठीणच राहतात. पण मूल चेहरा ओळखू लागते, वस्तू उचलू लागते, एकटे वावरू लागते.

तरीही उशिरापेक्षा वेळेवर हे केव्हाही बरे. तान्ह्या बाळाच्या बाहुलीत काळ्याऐवजी पांढरट झाक दिसणे, दोन-तीन महिन्यांचे झाले तरी आईच्या चेहऱ्यावर त्याची नजर न ठरणे, बुबुळे सतत थरथरणे, ही लक्षणे दिसली तर ‘मोठे झाल्यावर पाहू’ असे म्हणणे घातक होय. पांढरट झाक ही मोतीबिंदूखेरीज डोळ्यातील गाठीसारख्या अधिक गंभीर आजाराचीही असू शकते. अशा बाळाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. दोन्ही डोळ्यांत जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोनेक महिन्यांत होणे इष्ट मानले जाते. केंद्र शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ज्या व्याधींसाठी त्यात तपासणी होते, त्यांत जन्मजात मोतीबिंदू आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारे तपासणी पथक ते हेच.

मोठ्या वयात शस्त्रक्रिया झालेले मूल घरी येते, तेव्हा घरच्यांची अपेक्षा अशी असते की, पट्टी निघाली, आता सारे दिसणार. मूल मात्र समोरच्या ताटातील वाटी ओळखत नाही, जिन्याच्या पायऱ्या त्याला जमिनीवरच्या रेघा वाटतात, आणि उजेडाचा त्रास होऊन ते डोळे मिटून पूर्वीसारखेच चाचपू लागते. ‘इतका खटाटोप करून उपयोग काय झाला?’ असा सूर मग निघतो. वाटी आधी हातात द्यावी, नाव सांगावे, मग डोळ्यांपुढे हळूहळू हलवावी आणि तेथेच ठेवावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. चेसल्डनच्या त्या मुलाने मांजराच्या बाबतीत हे आपणहून केले होते, आणि लेथपाशी उभ्या असलेल्या बावन्न वर्षांच्या गृहस्थांनीही.